नाव काढलेली पोरं शिबिराला परत कशी आणायची?

पत्र: आमच्या गावात नऊ वर्षांपासून मे महिन्यात पंधरा दिवसांचं कला शिबिर चालतं. चित्रकला, नाटक, गाणं शिकवतो; दरवर्षी दहा ते सोळा वयाची तीस-पस्तीस मुलं असतात. आता ग्रामपंचायत आणि देणगीदार विचारतात, ‘इतक्या वर्षांत कलाकार किती घडले?’ एक मुलगा मुंबईत मालिकांत काम करतो, पण तो फोन उचलत नाही. बाकीचे कुठे आहेत ते नीट ठाऊक नाही. गेल्या वर्षी दोन माजी विद्यार्थ्यांना बोलावलं, तर भाषणं झाली आणि पोरं पेंगली. यंदा माजी विद्यार्थ्यांचा मोठा मेळावा घ्यावा म्हणतो. कसं करावं?
— एक निवृत्त कलाशिक्षक, ब्रह्मपुरी तालुका

उत्तर:

गुरुजी, मेळावा घेऊ नका. निदान यंदा तरी नको. शामियाना, हारतुरे आणि जेवणावळीत शिबिराचा सगळा पैसा जाईल आणि हाती येईल एक समूहछायाचित्र. त्याच पैशात चार माजी विद्यार्थी तीन-तीन दिवस शिबिरात राहून मुलांकडून काम करून घेऊ शकतात. गेल्या वर्षी पोरं पेंगली त्यात वक्त्यांचा दोष नव्हता. चित्र काढणाऱ्याच्या हाती तुम्ही माईक दिलात, ब्रश दिला नाहीत.

पण आधी माणसं सापडायला हवीत. सुरुवात नऊ वर्षांच्या हजेरीपटांपासून करा. एखाद्या वर्षाचा पट हरवला असेल तर समारोपाचं पत्रक आणि समूहछायाचित्र काढा, एका संध्याकाळी चार जुन्या मुलांना बसवा आणि चेहरे ओळखून छायाचित्राच्या मागे नावं लिहून घ्या. नावापुढे आईचं नाव आणि टोली, म्हणजे वस्ती, हवीच, कारण एकाच आडनावाचे तीन आकाश आणि दोन प्रियंका प्रत्येक गावात असतात. मुलींचं आडनाव लग्नानंतर बदललेलं असतं, ते वेगळ्या रकान्यात घ्या. मुलांचे मोबाइल नंबर दर दोन वर्षांनी बदलतात, म्हणून वडिलांचा किंवा काकाचा नंबर घेतलेला बरा. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात कोण कोणत्या गावी गेलं ते सापडतं. त्याहून जास्त आशाताई आणि अंगणवाडीसेविकेला ठाऊक असतं. प्रत्येक टोलीसाठी एक माणूस नेमा. गावभर फिरणारा एकच उत्साही कार्यकर्ता चौथ्या दिवशी थकतो आणि यादी तिथेच राहते.

फोनवर पहिला प्रश्न ‘सध्या काय करतोस?’ हा नको. मजुरीला जाणारा, मिरची तोडायला तेलंगणात गेलेला, बारावीला अडकलेला मुलगा या प्रश्नाला ‘काई नाई जी’ म्हणून फोन ठेवतो आणि तुमच्या यादीतून कायमचा जातो. ‘शिबिरातलं काय आठवते?’ असं विचारा. मग कळतं की तोच मुलगा गणपतीत गावाचा देखावा रंगवतो, भजनी मंडळात ढोलकी वाजवतो किंवा लग्नाच्या मांडवावर नावं लिहून देतो. वहीत तीन गोष्टी टिपा : शिबिरात काय शिकला, पोट कशावर चालतं, आणि आज हाताने काय करून दाखवू शकतो. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण मे महिन्यात शिकवायला कोणाला बोलवायचं ते तिथूनच ठरेल.

आता ‘कलाकार किती घडले’ हा प्रश्न. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या नाटकवेड्या पट्ट्यात राहून तुम्ही टीव्हीवर दिसणाऱ्या एका मुलाकडे डोळे लावून बसलात, याचं नवल वाटतं. दिवाळीनंतर मंडई (गावजत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) सुरू झाले की होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे तर नाटक मंडळ्यांचं माहेरघर. तिथे नट लागतो, तसाच पडदे रंगवणारा, दिवे लावणारा, मेकअप करणारा, ऑर्गन नि तबला वाजवणारा लागतो. झाडीपट्टीतच आयुष्य घालवलेले नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यामुळे तुमचा जुना विद्यार्थी हंगामभर ‘नाईट’वर, म्हणजे रात्रीच्या प्रयोगांना, जाऊन घर चालवत असेल, तर त्याचं नाव यादीत सर्वांत वर लिहा. शाळेत कलाशिक्षक झालेला, भिंती रंगवणारा पेंटर, फ्लेक्सचं डिझाइन करणारा, लग्नाचे फोटो काढणारा हे सगळे कलेवर जगणारेच. ज्या अंगणवाडीसेविका शिबिरात शिकलेली गाणी मुलांकडून म्हणवून घेतात, त्यांचा आकडा वेगळा लिहा, पण लिहा.

ग्रामपंचायतीला एकच कागद द्या आणि त्यात छेद, म्हणजे एकूण मुलांचा आकडा, लपवू नका. नोंदवलेली मुलं किती, त्यांतली सापडली किती, सापडलेल्यांपैकी कलेवर पोट असणारी किती, कला हातात ठेवून दुसरं काम करणारी किती, सोडून दिलेली किती. ‘आमचे पंधरा विद्यार्थी कलाक्षेत्रात’ एवढंच लिहिलं की पुढच्या बैठकीत कोणीतरी विचारतोच, ‘कितीतून पंधरा?’ शिवाय ‘शिबिरामुळे कलाकार झाला’ असं लिहू नका, ‘शिबिरात तीन वर्षं होता’ असं लिहा. त्याच्या आजोबांनी दंडारीत, म्हणजे इथल्या लोकनाट्यात, आयुष्य काढलं असेल तर श्रेय त्यांचं आहे, आणि गावाला ते माहीत असतं.

बोलावण्याचं काम होळी झाली की लगेच करा. नाटकवाले तेव्हा मोकळे होतात आणि मे महिन्यात लग्नसराईच्या ऑर्केस्ट्रात किंवा डीजेवर अडकण्याआधी तारीख देतात. कॉलेजात असलेल्यांना आधी परीक्षेचं वेळापत्रक विचारा; नागपूर आणि गोंडवाना विद्यापीठांच्या उन्हाळी परीक्षा मे-जूनपर्यंत रेंगाळतात. तारखा ठरवताना तेंदूपत्त्याचा हंगाम टाळा. मेच्या पहिल्या पंधरवड्यात अर्धी मुलं पहाटेच घरच्यांबरोबर जंगलात जातात, दुपारी पानांचे पुडके बांधायला बसतात; त्या घराची ती वर्षाची रोकड असते. फळी (पानं खरेदीचं केंद्र) बंद झाल्यावर, म्हणजे साधारण मेच्या उत्तरार्धात शिबिर ठेवलं तर हजेरी टिकते. ब्रह्मपुरीकडे तेव्हा पारा ४५च्या पुढे असतो, म्हणून सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ. मधल्या वेळेत कोणालाही पत्र्याच्या सभागृहात बसवू नका, पाहुण्यालाही नाही.

मे महिन्याचा एक फायदा बहुतेक शिबिरं हातचा घालवतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकी माहेरी येतात. तुमच्या जुन्या विद्यार्थिनींपैकी निम्म्या तरी याच दिवसांत गावात असतील, आणि नेमक्या त्याच यादीतून गळालेल्या असतात, कारण नंबर सासरचा आणि आडनाव वेगळं. त्यांना गाठायचं तर घरी जाऊन आईशी बोला आणि निमंत्रण आईच्या हाती द्या. वेळ सकाळी सात ते साडेआठ द्या, लेकराला सांभाळायला एक मोठी मुलगी ठेवा आणि वर्गातच साडीचा पाळणा बांधा. मुलींना लग्नाआधी शिबिर सोडावं लागलं असेल तर कार्यक्रमात त्याचा उल्लेख करू नका. सासरचे समोर बसलेले असतात.

मानधनाबद्दल स्पष्ट सांगतो. ‘गावचाच पोरगा, त्याला काय पैसे द्यायचे’ या वाक्याने माजी विद्यार्थी जितके तुटतात तितके दुसऱ्या कशानेच तुटत नाहीत. पेंटर तीन दिवस तुमच्याकडे आला म्हणजे त्याने तीन दिवसांची मजुरी सोडली. तो बाहेर जेवढा रोज घेतो तेवढा त्याला द्या, वर बसभाडं, आणि ही रक्कम अंदाजपत्रकात शामियान्याच्या आधी लिहा. पाकीट शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर द्यायचं नाही. पहिल्याच संध्याकाळी, चहा घेताना द्यायचं. म्हणजे मानधन मिळेल की नाही, या विचारात त्याचे तीन दिवस जात नाहीत.

तीन दिवस का, एक का नाही? एका दिवसात पाहुणा स्वतःचं कौशल्य दाखवतो, मुलं टाळ्या वाजवतात, संपलं. तीन दिवसांत पहिल्या दिवशी तो करून दाखवतो, दुसऱ्या दिवशी मुलं करतात आणि तो फक्त फिरतो, तिसऱ्या दिवशी चुकलेलं दुरुस्त होऊन काहीतरी उभं राहतं. गट पंधरा-सोळाचा, सत्र दीड तासाचं. त्याहून मोठा गट असेल तर मागच्या रांगेतली पोरं एकमेकांना रंग लावत बसतात.

पडदा रंगवणारा माजी विद्यार्थी मिळाला तर त्याच्याकडून काय करून घ्यायचं ते नीट सांगतो, कारण हे काम मुलांना फार आवडतं आणि ऐनवेळी फसतंही फार. सहा फूट उंच, आठ फूट रुंद चित्राचा पडदा धरा. ४८ इंची पन्ह्याचं मांजरपाट साडेपाच-सहा मीटर आणा, नऊ-नऊ फुटांचे दोन तुकडे करा आणि लांबीच्या बाजूने आडवे जोडा. शिवण्याआधी कापड रात्रभर भिजवून धुवायचंच. त्याची खळ निघाली नाही तर रंग वरच्या वर राहतो आणि नंतर पापुद्र्यासारखा सुटतो. शिवाय कापड आटतं, म्हणून माप धुतल्यानंतर घ्या. वर-खाली उरलेल्या कापडाचा नेफा करून त्यात बांबू घाला.

अस्तरासाठी एक किलो व्हाइटिंग (खडूची पांढरी पावडर), तीनशे ग्रॅम फेविकॉल आणि सव्वा लिटर पाणी. व्हाइटिंग आदल्या रात्री पाण्यात भिजत घाला, सकाळी जुन्या ओढणीतून गाळा, मग फेविकॉल मिसळा. दोन पातळ हात द्या, पहिला उभा, दुसरा आडवा. फेविकॉल कमी पडलं तर हात फिरवला की पांढरं लागतं. एकाच जाड हातात काम उरकलं तर पडदा गुंडाळताना तडकतो. आपल्या उन्हात तिसरा धोकाही असतो. अस्तर लावता लावताच वाळतं, जोड दिसतात, म्हणून कापडावर आधी पाण्याचा हबका मारा आणि हे काम संध्याकाळी, सावलीत करा.

आता चित्र मोठं करणं. कागदावर सहा बाय आठ इंचाचं चित्र काढा, त्यावर एक-एक इंचाचे चौकोन पाडा. पडद्यावर सुताराच्या दोरीला नीळ लावून एक-एक फुटाचे चौकोन उमटवा. दोन्हीकडे ४८ चौकोन होतात. सोळा मुलं असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन. डावीकडून अंक आणि वरून अक्षरं लिहून ठेवा, नाहीतर ‘माझा चौकोन कोणता’ यातच अर्धा तास जातो. गडबड होते ती चौकोनांच्या कडांवर. एका मुलाचा डोंगर शेजारच्या चौकोनात चार बोटं वर निघतो. म्हणून ज्या रेषा तीनपेक्षा जास्त चौकोनांतून जातात, म्हणजे क्षितिज, रस्ता, झाडाचा बुंधा, त्या पाहुण्याने स्वतः कोळशाने आधी ओढाव्यात. दुसरी गडबड रंगाची. प्रत्येकाने आपापलं आकाश कालवलं तर पडद्यावर सोळा आकाशं दिसतात. मोठ्या जागांचे रंग एकाच बादलीत कालवून सगळ्यांना वाटा. पांढऱ्या डिस्टेंपरमध्ये स्टेनर (रंगछटा देणारा द्रव) टाकून हलके रंग स्वस्तात होतात, पण गडद रंगासाठी स्टेनर ओतत राहू नका. जास्त झालं की ते वाळत नाही आणि दोन दिवसांनीही हाताला लागतं. गडद रंग पावडरचा घ्या आणि त्यात फेविकॉल घाला. पडदा कधीही घडी घालून ठेवू नका. गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवा, आत ठेवली तर पापुद्रे एकमेकांवर घासतात.

नट आला तर त्याला ‘तुझा प्रवास सांग’ म्हणू नका. त्याने मुलांना मैदानात वीस पावलांवर उभं करावं आणि एकच वाक्य बोलायला लावावं. आपली पोरं वाक्य जोरात सुरू करतात आणि शेवट गिळतात. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे तोच शब्द गिळला की ‘आला’ की ‘गेला’ हे प्रेक्षकाला कळत नाही. शेवटचं अक्षर वीस पावलांवरच्या मुलाने हात वर करून पोचलं म्हणेपर्यंत तेच वाक्य पुन्हा. ओरडणाऱ्याला थांबवा, गळा बसला की पुढचे तीन दिवस गेले. मुलं घरात जसं बोलतात तसंच, झाडीबोलीत बोलू द्या. प्रमाणभाषेचं वाक्य दिलं की निम्मं लक्ष शब्द आठवण्यात जातं.

माजी विद्यार्थ्यांकडून आणखी एक काम होतं, ते म्हणजे पुढचे दरवाजे कुठे आहेत ते पालकांना सांगणं. ते समारोपाच्या स्टेजवर नको. एका संध्याकाळी पंधरा-वीस पालक सतरंजीवर बसवून सांगा, आणि ज्याने यातली परीक्षा दिली आहे त्यालाच बोलू द्या. सांगायचं ते असं. चित्रकलेच्या सरकारी परीक्षांपैकी एलिमेंटरी आठवीत, इंटरमिजिएट नववीत उरकावी. चार पेपर असतात : वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि भूमिती व अक्षरलेखन. ग्रामीण मुलं वस्तुचित्रात पडत नाहीत, भूमितीत पडतात, कारण कंपास नसतो किंवा त्याचं टोक बोथट असतं. इंटरमिजिएटला ए श्रेणी असेल तर दहावीला ७ वाढीव गुण मिळतात, बी ला ५, सी ला ३. शाळेने नाव नोंदवलं तरच परीक्षा, म्हणून शाळा उघडल्याच्या आठवड्यात मुख्याध्यापकांना भेटावं.

दहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या सी.सी.आर.टी. या संस्थेची सांस्कृतिक प्रतिभा शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ३,६०० रुपये आणि शिकवणीची फी वेगळी. आपल्याकडे पालकांना ती मूल पंधराव्या वर्षात गेल्यावर कळते. बारावीनंतर बी.एफ.ए., म्हणजे ललित कलेची पदवी, करायची तर राज्याची सीईटी द्यावी लागते. नागपूरचं शासकीय चित्रकला महाविद्यालय जवळचं, मुंबईचं १८५७ सालचं जे.जे. कला महाविद्यालय दूरचं. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला पदवी लागते आणि किमान सहा नाटकांत काम केल्याचा पुरावा. झाडीपट्टीत दोन हंगाम काढलेल्या मुलाकडे नाटकं सहाहून जास्त असतात, पुरावा एकाचाही नसतो. नाटकाचं पत्रक, त्यावरचं आपलं नाव आणि रंगमंचावरचा एक फोटो अशी जोडी प्रत्येक प्रयोगाला प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवायची सवय शिबिरातच लावा.

माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढू नका. आठ दिवसांत तिथे फुलांचे फोटो आणि निवडणूक सुरू होते, आणि मुलींचे नंबर नको त्यांच्या हाती लागतात. ब्रॉडकास्ट यादी करा, वर्षातून दोनच निरोप : होळीनंतर तारखा, शिबिर संपल्यावर चार फोटो. लहान मुलांचे फोटो पालकांनी लिहून दिल्याशिवाय पाठवायचे नाहीत.

राहिला मुंबईचा मुलगा. तुमच्या पत्रात कलाकार म्हणून उल्लेख फक्त त्याचाच आहे. तो फोन उचलत नाही, कारण गावाकडच्या प्रत्येक फोनमागे उद्घाटन, देणगी किंवा कोणाच्या तरी भाच्याला काम, यांपैकी एक असतं असा त्याचा अनुभव असणार. त्याला लेखी निरोप पाठवा, त्यात एकच मागणी, तीही त्याला झोपण्यापूर्वी पुरी करता येईल अशी. उदाहरणार्थ, ‘ऑडिशनला जाताना सोबत काय न्यायचं ते दोन मिनिटं बोलून पाठव, मुलांना ऐकवायचं आहे.’ पाठवलं तर ऐकवा. नाही पाठवलं तर पुढच्या वर्षी पुन्हा एकदाच विचारा. तो हो म्हणेपर्यंत त्याचा फोटो बॅनरवर लावू नका. लावला आणि तो आला नाही, तर समारोपाला गाव त्यालाच शोधत बसेल आणि मुलांनी रंगवलेला पडदा कोणी पाहणार नाही.